साडेपाच हजारांचा कॅमेरा घेऊन पुण्यात

दोस्तांनो, परवा वर्गात मी पर्समधून माझा कॅमेरा बाहेर काढला, तर पहिल्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "बाई, याच्यात सिम कुठे घालायचं?"

"सिम नाही रे घालायचं. याच्यातून फक्त फोटो निघतात."

"फक्त फोटो?" बिचाऱ्याला माझी अगदी दया आली!

तर आज या 'फक्त फोटो'वाल्या डबीबरोबर तुम्हाला पुण्यात फिरवून आणते. २०१० साली, नोकरीला लागल्यावर साठवलेल्या पैशांतून मी ती घेतली. किंमत साडेपाच हजार रुपये. दुकानात शेजारीच लांब नाकाचे मोठे कॅमेरे ऐटीत बसले होते. मी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा पर्सकडे बघितलं आणि गुपचूप ही डबी उचलली. साबणाच्या वडीएवढी, दोन पेन्सिल सेलवर चालणारी. पहिल्याच दिवशी साधे सेल घातले, तर तीस फोटोंत सेल खल्लास. मग तपकीर गल्लीत जाऊन पुन्हापुन्हा चार्ज करता येणारे चार सेल आणले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

डबीवर लिहिलंय 'दहा मेगापिक्सेल'. म्हणजे काय? आडवे ३६४८ ठिपके आणि उभे २७३६. करा बरं गुणाकार! ९९ लाख ८० हजार ९२८. पण अल्बममधला नेहमीचा चार बाय सहा इंची फोटो छापायला इंचाला तीनशे ठिपके धरले, तरी साडेएकवीस लाखांच्या आसपासच ठिपके पुरतात. म्हणजे माझ्या गरिबाच्या कॅमेऱ्यात आहेत ते चौपटीहून जास्तच! आणि १९७५ साली अमेरिकेत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला ना, त्यात एका चित्राचे ठिपके होते फक्त दहा हजार. तेही काळे-पांढरे, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागायचे.

मग स्वस्त कॅमेऱ्यात उणं काय असतं? ते बघायला आधी पाताळेश्वरला जाऊ या. जंगली महाराज रस्त्यावर रिक्षांचा, गाड्यांचा नुसता गोंगाट असतो. तिथून चार पावलं आत शिरलात की बाराशे वर्षं मागे! आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, एकाच काळ्या कातळात कोरलेलं हे लेणं. समोर नंदीचा मंडप आहे, चक्क गोल, दगडी छत्रीसारखा. एवढी मेहनत केलेलं हे काम शेवटी अर्धवटच राहिलं.

मी ऐटीत मंडपातून आतला फोटो काढला. घरी येऊन पाहते तर काय, खांब हललेले, आणि अंधाराच्या जागी रव्यासारखे रंगीबेरंगी दाणे! कारण सोपं आहे. भिंगामागे प्रकाश टिपणारी जी चकती असते, ती माझ्या कॅमेऱ्यात जेमतेम सहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच. करंगळीच्या नखाहून लहान! मोठ्या महागड्या कॅमेऱ्यांत हीच चकती ३६ बाय २४ मिलिमीटरची असते. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल? प्रकाशाचंही तसंच. वाटीत कमी साठतो, म्हणून कॅमेरा जास्त वेळ डोळा उघडा ठेवतो, आणि तेवढ्यात आपला हात हलतो.

पुढच्या रविवारी मी परत गेले. अशा जागी ट्रायपॉड न्यायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणून घरून फक्त जुना हातरुमाल नेला. तो घडी करून बाहेरच्या कट्ट्यावर ठेवला, त्यावर कॅमेरा, फ्लॅश बंद, आणि दोन सेकंदांचा टायमर लावून हात बाजूला. या खेपेला छिन्नीचे घावसुद्धा उमटले! रुमाल फुकटच होता.

आता महापालिकेवरून शिवाजी पूल ओलांडू. १९२३ साली बांधलेला हा दगडी कमानींचा पूल. त्याला शंभर वर्षं होऊन गेली, तरी पुणेकर त्याला 'नवा पूल'च म्हणतात! पलीकडे शनिवारवाडा. १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, पहिल्या बाजीरावांनी त्याचा पाया घातला. दिल्ली दरवाज्यावरचे ते अणकुचीदार खिळे तुम्ही मोजलेत का कधी? हत्तींनी धडका देऊ नयेत म्हणून ते ठोकलेत.

इथे माझ्या कॅमेऱ्याची दुसरी परीक्षा झाली. दिल्ली दरवाजा उत्तरेला तोंड करून आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला, म्हणजे वाड्याच्या मागे. त्यामुळे आभाळ पांढरंफटक आणि दरवाजा कोळशासारखा काळा. यावर तोडगा असा: कॅमेरा आधी दरवाज्याच्या काळ्या भागावर धरायचा, बटण अर्धंच दाबायचं, तसंच दाबून ठेवून हवं ते चित्र चौकटीत आणायचं आणि मग पूर्ण दाबायचं. आभाळ थोडं जळतं, जळू दे. दरवाजा महत्त्वाचा की आभाळ? आणि मे-जूनमध्ये सकाळी लवकर गेलात तर ही खटपटच नको. तेव्हा सूर्य ईशान्येकडे उगवतो आणि दरवाज्यावर तिरपं ऊन पडतं.

याच वाड्यापाशी उभं राहिलं की मला एक हुरहूर लागते. आतला भव्य वाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत गेला. फोटो काढायची कला जगासमोर आली १८३९ साली, फ्रान्समध्ये. फक्त अकरा वर्षांची चुकामूक! त्यामुळे त्या मूळ वाड्याचा एकही फोटो नाही. उरले ते चौथरे, तट आणि दरवाजे. बाकीचं आपण मनाने बांधायचं.

तिथून पाच मिनिटांवर कसबा पेठ. २०१४ साली चौथीतला माझा एक विद्यार्थी म्हणाला, "बाई, आमचा वाडा पाडणार आहेत. एक फोटो काढता?" मी गेले. लाकडी जिना, मधे चौक, चौकात तुळस, आणि ओट्यावर लसूण सोलत बसलेली त्याची आजी.

"माझा कशाला काढताय? मी काय आता बघण्यासारखी राहिलेय?" आजी हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाई, आमच्या घरात जुना फोटो एकसुद्धा नाही हो. सगळे पानशेतात गेले."

तुमच्या आजी-आजोबांना विचारा, १२ जुलै १९६१ म्हटलं की ते गप्प होतात. त्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आजींच्या लग्नाचे चार फोटो पत्र्याच्या ट्रंकेत होते. जुन्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असायचा. तो भिजला की फुगतो आणि एकावर एक ठेवलेले फोटो चिकटून बसतात. "ट्रंक उघडली तर नुसती वडी झालेली," आजी म्हणाल्या. "सोडवायला गेले, तर सासऱ्यांचा चेहराच निघून आला."

मी पाच-सहा फोटो काढले. एकात आजींच्या हातातली लसणीची पाकळी खाली पडताना आलीय. जाताना आजींनी बजावलं, "डबीत ठेवू नका हं. कागदावर आणून द्या." मी चार बाय सहाची एक प्रत छापून दिली. पंधरा रुपयेसुद्धा लागले नाहीत.

पुढे २०१७ साली माझ्या संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली. तीन वर्षांचे फोटो त्यात होते. सहली, स्नेहसंमेलनं, चौथीच्या दोन तुकड्यांचे निरोप समारंभ! दुसरीकडे प्रत? नव्हती. वर्गात तुम्हाला 'वहीला कव्हर घाला' म्हणून दहादा सांगणारी मी, पण स्वतः एवढंही केलं नव्हतं. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

आणि मग आजींची आठवण झाली. वाड्याच्या जागी तोवर पाच मजली इमारत उभी राहिली होती. तिसऱ्या मजल्यावरचं दार आजींनीच उघडलं. देवघराशेजारी, चौकटीत घातलेला तो फोटो होता. जिना, तुळस, ओटा, सगळं जागच्या जागी! "फोटोचा फोटो काढू का?" मी विचारलं. "काढा की," त्या म्हणाल्या, "पण चहा झाल्यावर."

आता माझ्याकडे आहे तो फोटोचा फोटो. चौकटीच्या काचेत माझा हात आणि ती डबी अगदी स्पष्ट दिसतेय, आणि कोपऱ्यात चहाचा कप घेऊन हसणाऱ्या आजी.