तळ्याकडे तोंड करून

सातवीतला तो मुलगा इंग्रजी परिपाठाला उभा राहिला आणि ‘माय नेम इज’च्या पुढे गेलाच नाही. शर्टाचं बटण पिरगाळत राहिला. मागच्या बाकावर खसखस पिकली. आणि मी, खरं सांगायचं तर, घड्याळाकडे बघून "चल, बस" म्हणालो.

त्याच आठवड्यात मदरशाच्या जलशात तोच मुलगा माईकसमोर सूरह रहमान पढला. समोर सगळी जमात. आवाज कुठे कापला नाही. अरबी काही त्याच्या घरची भाषा नाही. घरी मालवणी, मदरशात उर्दू, शाळेत मराठी. आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, पण या पोराच्या तोंडी ते अजून उपरंच.

किराअत पाठ केलेली असते, इंग्रजीत स्वतःचं वाक्य जुळवावं लागतं, हा फरक आहेच. पण उस्ताद महिनोन्‌महिने एकेक आयत जवळ बसवून ऐकतात, चूक हळू आवाजात सुधारतात आणि मगच जलशात उभं करतात. आम्ही आदल्या दिवशी विषय देतो आणि वाक्य अर्धं असतानाच "ही नव्हे, शी!" म्हणून ओरडतो.

बीएडच्या सराव पाठात माझीही जीभ अशीच टाळूला चिकटली होती. उरलेला तास मी फळ्यावर लिहीत काढला. पोरांना हे कधी सांगितलं नव्हतं. या वेळी सांगितलं. गांधीजींचंही सांगितलं. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला माणूस मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच खटल्याला उभा राहिला, एकही प्रश्न सुचेना, खाली बसला आणि तीस रुपये फी परत केली. आत्मचरित्रात त्यांनीच लिहिलंय. त्यांना काय इंग्रजी येत नव्हतं?

मग वर्ग धामापूरच्या तळ्यावर नेला. प्रत्येकाने तळ्याबद्दल पाच वाक्यं बोलायची. चार मी तयार करून दिली होती: बांधकाम १५३० चं, २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान, वगैरे. आठ दिवस एकेकाला जवळ घेऊन ती ऐकली होती. पाचवं ज्याचं त्याने बनवायचं.

त्याची पाळी आली. "सर, मी तळ्याकडे बघान बोलू? चलात?"

"चलात."

आमच्याकडे पाठ करून तो बोलला. ‘वॉज’च्या जागी ‘इज’ म्हणाला. मी गप्प राहिलो. मग थोडा थांबून, "माय ग्रँडफादर फार्म टेक वॉटर फ्रॉम हिअर."

मागून कुणीतरी विचारलं, "व्हेअर फार्म?"

तो वळला. "दॅट साइड," म्हणाला, आणि बांधाखालच्या शेतांकडे बोट दाखवलं.