मान आणि ब्रेक

टेंभुर्णीच्या हायवेवर रात्रंदिवस गाड्या पळतात. काचबंद लक्झऱ्या. कुणी पुण्याला, कुणी सोलापूरला. त्यांच्याखाली उताणं झोपून नटबोल्ट आवळणारी पोरं आमच्या वस्तीतली. वर सीटवर बसणारे दुसरे.

म्हणून पोरांनी ठरवलं, आपलीच गाडी घ्यायची. 6 डिसेंबरला दादर, धम्मचक्र दिनाला नागपूर, मधल्या दिवसांत लग्नाची वऱ्हाडं. जुनी लक्झरी, पंचेचाळीस सीट, भाव सहा लाख. वर्गणीची वही निघाली. ऊसतोडीच्या बायांनीसुद्धा आकडे लिहायला लावले. आणि बैठकीत पहिला विषय काय? तर गाडीला निळा रंग कुठला द्यायचा!

मी सूतगिरणीत आहे. शाळा नववीत सुटली. कविता करतो, पण पोट मशिनीवर. बेअरिंग गेलं की मशीन आधी आवाजानं सांगते, एवढं कळतं. म्हणून इसार द्यायच्या आधी गाडी बघायला गेलो. सोबत आमच्याच आळीतलं एक पोरगं. गॅरेजात सात वर्षं हेल्परी करतंय.

ते म्हणालं, "दादा, सकाळी सहाला जाऊ. मालकानं इंजन गरम करायच्या आत."

थंड इंजिन खोटं बोलत नाही. सेल्फ मारला तर निळा धूर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा-लायनर झिजले. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढलं तर आतनं धूर फकाफका बाहेर. ऑइलची पट्टी ओढून बघितली. ऑइल दुधाळ झालं असतं तर आत पाणी शिरलंय असं धरायचं. ते नव्हतं, तेवढं नशीब.

मग हवेची टाकी भरून गाडी बंद केली. पोरगं म्हणालं, "आता काट्याकडं बघा." काटा बघता बघता खाली आला. कुठंतरी हवा गळते. ब्रेक हवेवर चालतो. चाक खोललं, लायनर संपलेले, ड्रमला काठ पडलेला. स्टेअरिंग चार बोटं फिरवलं तरी पुढचं चाक जागचं हलत नाही. टायरवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. 1418 म्हणजे 2018 चा चौदावा आठवडा. पुढचे दोन्ही टायर रबर चढवलेले. आणि संकटकाळची खिडकी उघडतच नाही. तिच्यापुढं जादा सीट ठोकलेली.

पोरानं सांगितलेला हिशेब वहीत उतरवला. टायर सहा आणि स्टेपनी, वीस हजारानं 1,40,000. इंजिन 1,60,000. ब्रेक आणि हवेची लाइन 45,000. क्लच 25,000. चोवीस व्होल्टला दोन बॅटऱ्या, 25,000. एकूण 3,95,000. स्टेअरिंग, विमा, टॅक्स वेगळे. आठ वर्षांच्या वरच्या गाडीला दरवर्षी फिटनेस. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, तेही बघायचं. सहा लाखाची गाडी दहाच्या वर गेली.

बैठकीत हे वाचलं. एक कार्यकर्ता म्हणाला, "हेल्परचं काय ऐकता? गाडी रस्त्यावर आली की समाजाची मान वर होईल."

दोस्तांनो, चाळीसगाव आठवा. साल 1929. बाबासाहेब स्टेशनवर उतरले. टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नाही. बाबासाहेबांनी पायी चालत यावं, हे महारवाड्याला मान्य नाही. मग टांगा भाड्यानं घेतला आणि कधीच टांगा न हाकलेला आपलाच माणूस पुढं बसला. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. पुढं 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त त्यांनी हे लिहून ठेवलं. बसणाऱ्याचा जीव त्याच्या मानापेक्षा मोठा, हे लोक विसरले, असा त्याचा मतलब. गुन्हा टांगेवाल्याच्या जातीचा. पण पाय आपल्या माणसाचा मोडला.

तेव्हा आपल्याकडं हाकणारा नव्हता. आज हात आहेत. ब्रेक कुठं गळतो ते सांगणारं पोरगं आपल्याच आळीत आहे. त्याच्या हाताला काळं ऑइल लागलंय, म्हणून बैठकीत त्याला खुर्ची नाही. कामावरनं माणूस खालचा ठरवायची ही रीत कुणाची, ते मी सांगायला नको.

दादरला जाताना बोरघाट उतरावा लागतो. भरली गाडी नुसत्या पायब्रेकवर उतरवली की लायनर तापतात, मग कितीही दाबा, गाडी थांबत नाही. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर लक्झरी उलटून पेटली. दाराची बाजू खाली दबली. 25 माणसं जळाली. आपल्या गाडीची खिडकी सीटनं बंद आहे. तिथं आपली आई बसणार आहे.

गाडी घेऊ नका असं मी म्हणत नाही. पोरगं म्हणतं, इंजिन धूर ओकत एखादं वर्ष काढील, खर्च वाढेल एवढंच. पण ब्रेक, स्टेअरिंग, पुढचे टायर आणि खिडकी, ही चार कामं झाल्याशिवाय माणूस बसवायचा नाही. त्या खर्चाएवढा भाव मालकानं उतरवला तर इसार द्यायचा, नाहीतर दुसरी गाडी बघायची. तोवर 6 डिसेंबरला एसटी प्रासंगिक करारावर मिळते. डेपोत अर्ज करा, पैसे भरा, जा.

पुढच्या बैठकीला त्या पोराला पहिला बोलू द्या. रंगाचं नंतर बघू.