काट्याचीही पारख

किराणा दुकानातील तराजूकडे गिऱ्हाईक विश्वासाने पाहते. काटा मध्यावर स्थिरावला, की माल बरोबर मोजला गेला असे त्याला वाटते. परंतु काटाच खोटा असेल तर? म्हणूनच वजनमापांची ठरावीक मुदतीने पडताळणी करून त्यांवर शिक्का मारला जातो. प्रयोगशाळेतही अशी पारख करणारी माणसे असतात. त्यांची नावे शोधनिबंधांत क्वचितच छापली जातात. पण त्यांच्या कामावाचून तेथील आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

माणसाच्या पेशी शरीराबाहेर वाढवायच्या असतील, तर त्यांना शरीरासारखे घर द्यावे लागते. इन्क्युबेटर म्हणजे असे घर असलेली उबवणपेटी. तिच्यात ३७ अंश सेल्सिअस तापमान, भरपूर दमटपणा आणि साधारणतः ५ टक्के कार्बन डायऑक्साइड राखतात. बाहेरच्या हवेत हा वायू जेमतेम ०.०४ टक्के असतो. पेटीतील वायू आणि पोषक द्रवातील बायकार्बोनेट यांच्या मेळातून द्रवाचा सामू ७.४ च्या आसपास टिकतो. हा मेळ बिघडला, की पेशी आजारतात.

वायूचे प्रमाण ओळखण्याचे काम संवेदक करतो. काही संवेदक पेटीतील वायू किती उष्णता वाहून नेतो, यावरून अंदाज बांधतात. दमटपणा बदलला, की ते फसतात. काही संवेदक कार्बन डायऑक्साइड किती अवरक्त किरण शोषतो, हे मोजतात. त्यांना दमटपणाचा त्रास फारसा होत नाही, तरी काळ लोटतो तसे तेही हळूहळू चळतात. ऑक्सिजन मोजणारे रासायनिक संवेदक तर वापरानेच झिजतात.

एका सकाळी तंत्रज्ञ बाई पेटीसमोर उभ्या राहतात. पडद्यावर आकडा आहे ५.०. सारे काही ठीक! पण काचेच्या दारातून पाहताना द्रवाचा नेहमीचा लालसर रंग त्यांना गुलाबी-जांभळट भासतो. द्रवातील फिनॉल रेड हे रंगद्रव्य आम्लतेकडे पिवळे आणि अल्कतेकडे जांभळट होते. रंग एक सांगतो, आकडा दुसरेच.

बाई दार उघडत नाहीत. उघडले तर आतली हवा बदलेल आणि मोजणीला अर्थ उरणार नाही. प्रमाणित वायूवर तपासलेला वेगळा मापक त्या पेटीच्या छिद्राला नळीने जोडतात. नोंद येते ३.१. थोड्या वेळाने ३.०. पुन्हा ३.१. एका नोंदीवर त्या निर्णय घेत नाहीत. मग त्या संवेदकाचे अंशांकन करतात, पेटी स्थिर होऊ देतात आणि पुन्हा मोजतात.

खरी कसोटी मात्र पुढे असते. मागच्या तपासणीपासूनचे प्रयोग आता संशयास्पद ठरणार. संशोधक नाराज होतील. आकडा गुपचूप सुधारला, तर कोणालाही कळणार नाही. बाई नोंदवहीत तारीख घालतात आणि लिहितात : पडदा ५.०, प्रत्यक्ष ३.१. वहीवर शाई वाळते आणि काही आठवड्यांचे श्रम पुन्हा करावे लागतात.

हे काम क्षुल्लक नव्हे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून एका टेस्ट ट्यूब बालिकेचा जन्म झाला. अशा उपचारांत गर्भाचे पहिले काही दिवस उबवणपेटीतच जातात. कितीतरी आईवडिलांची आशा त्या दाराआड श्वास घेत असते. तिच्या रक्षणासाठी पडद्यावरचा आकडा पुरेसा नसतो. त्या आकड्याला बाहेरचा साक्षीदार लागतो.

मापकाप्रमाणे माणूसही नकळत चळतो. आपण बरोबरच आहोत, असे त्याचा आतला पडदा त्याला रोज सांगत असतो. अधूनमधून बाहेरच्या मापाने स्वतःला तपासणे आणि आढळलेला फरक न लपवता लिहून ठेवणे, एवढे ज्याला साधले, त्याच्या शब्दावर जग विसंबू शकते.