घोडनदी ते दौंड : तट्टासवे चार दिवस

शिरूरला जुन्या माणसांच्या तोंडी आजही ‘घोडनदी’ हेच नाव आहे. ते घोड नदीवरून आले. अश्वांशी नाते इतिहासाने नंतर जोडले. १८१७ साली ‘पूना हॉर्स’ या रिसाल्याची उभारणी येथील छावणीत झाली. दक्षिणेस भीमेच्या काठचा मुलूख तो भीमथडी. तेथील काटक तट्टांनी मराठ्यांच्या मोहिमा पेलल्या, आणि आजही मेंढपाळ धनगरांचा संसार त्यांच्याच पाठीवर रानोमाळ फिरतो. करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडेच भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. त्यामुळे या तट्टांवरून त्यांच्याच मुलखात प्रवास करावा, अशी हौस कित्येकांना वाटू लागली आहे. हौस चांगली आहे. तिचा हिशेब मात्र आधी मांडला पाहिजे.

वाट निवडणे त्या मानाने सोपे. आरंभ टाकळी हाजी व निघोज यांच्यामध्ये, कुकडीच्या पात्रातील रांजणखळग्यांपाशी करावा. वाहत्या पाण्याने गोटे फिरवून कठीण काळ्या खडकात कोरलेले हे रांजण पाहण्यासाठी परदेशांतूनही अभ्यासक येतात. तेथील गुळगुळीत कातळावर नालेचा पाय घसरतो, म्हणून तट्टू काठावरच बांधून खाली पायी उतरावे. पुढे शिरूर, मग घोड नदीच्या कडेने इनामगाव. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून अनेक वर्षे येथे उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. नदीकाठच्या गाळमातीत पावसाने कोरलेल्या घळी येथे जवळून दिसतात. त्यांच्या काठाची माती पोकळ असते, म्हणून कडेपासून चार हात आत चालावे. त्यानंतर भीमा ओलांडून दौंड. ती पुलावरूनच ओलांडावी. वाळूउपशाने पात्रात पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत, आणि गुडघाभर वाटणारे पाणी एकाएकी गळ्याशी येते.

रोज वीस ते पंचवीस किलोमीटर धरले तर चार दिवस पुरतात. काळ कार्तिकी पौर्णिमेनंतरचा. चातुर्मास संपून साधु-साध्वींचा विहार सुरू होतो, तेव्हाच या वाटाही कोरड्या होतात. मात्र हेच ऊसतोडणीचे दिवस, आणि शिरूर-दौंडच्या उसात बिबट्याचा वावर आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा आपला नियम येथे उपयोगी पडतो. दिवस मावळण्याआधी मुक्काम गाठावा आणि तट्टू उघड्या माळावर नव्हे, वस्तीतल्या गोठ्यात बांधावे.

खरा प्रश्न वजनाचा आहे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अतिभारारोपण’ आणि ‘अन्नपाननिरोध’ ही दोन नावे प्रतिक्रमणात आपण नेहमी उच्चारतो. येथे त्यांना किलो आणि लिटर लावावे लागतात. जनावराने आपल्या वजनाच्या सुमारे एक पंचमांशाहून अधिक भार दिवसभर वाहू नये, असा जाणकारांचा सर्वसाधारण दंडक. तट्टू अडीचशे किलोंचे धरले तर मर्यादा पन्नास किलो. स्वार सत्तर किलोंचा, खोगीर आठ-दहा किलोंचे, त्यावर पाणी आणि पडशी! जमाखर्च पहिल्याच पानावर तुटीत जातो, आणि आपल्या पेढ्यांवर बसणाऱ्या मंडळींचे वजन सत्तरवर थांबते असेही नाही. चारशे किलोंचा मोठा मारवाडी घोडा घेतला तर सडसडीत स्वारापुरती तोंडमिळवणी होते. पण मग ज्या भीमथडीसाठी निघायचे तीच मागे राहते.

पाण्याचा हिशेबही असाच. जनावराला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागते, उन्हात त्याहून अधिक. नदी जवळ दिसते, पण उभ्या दरडीखाली असते. म्हणून कालवे आणि गावचे हौद आदल्या दिवशीच विचारून ठेवावेत. चंदीचा तोबरा वेळेवर चढवावा, खोगीर उतरल्यावर पाठीवरून हात फिरवून सूज वा खरचटे पाहावे, आणि निघण्यापूर्वी नालबंदाकडून नाला तपासून घ्याव्यात. पाठ सोललेली दिसली तर त्या दिवशी कोणी बसू नये, मग बेत लांबला तरी चालेल.

यातून निघणारी योजना काहींना रुचणार नाही. मोठ्यांनी पायी चालावे. तट्टावर चाळीस किलोंपर्यंत सामान द्यावे, किंवा सामान गाडीने पुढे पाठवून घरातल्या लहानग्याला आळीपाळीने बसवावे. धनगर हेच करतात. भांडीकुंडी, कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरे तट्टावर, आणि धडधाकट माणसे मेंढरांमागे पायी. घळींचा हा प्रदेश चालत्या माणसाच्या उंचीवरून अधिक नीट कळतो, हा लाभ वेगळाच.

दौंड हे मोठे जंक्शन. तेथून माणसे दीड-दोन तासांत पुण्यास पोहोचतील. तट्टाला मात्र आलेली वाट परत चालायची असते. त्याच्या मालकाशी बोलणी करताना परतीच्या दिवसांची मजुरी, चंदी आणि मधला एक दिवस विश्रांतीचा, हे सारे धरूनच रक्कम ठरवावी.