वाहक म्हणजे रोगी नव्हे

रिपोर्टवर ‘थॅलेसेमिया मायनर’ वाचून तुम्ही घाबरता, तेव्हा मला न्यूझीलंडच्या अँगस गाई आठवतात. तिथे काही वासरांचे डोके थरथरायचे, तोल जायचा. बहुतेक वर्षभरातच दगावायची. आजार अल्फा-मॅनोसिडोसिस, म्हणजे एका एन्झाइमचा जन्मजात अभाव. आई-बाप मात्र धडधाकट!

१९७०च्या दशकात रक्ततपासणीने असे वाहक ओळखता येऊ लागले. त्यांच्यात एन्झाइम साधारण निम्मे असते, पण तेवढे पुरते. गाय आणि वळू दोघेही वाहक असतील, तरच प्रत्येक वासराला २५ टक्के धोका. वाहक वळू पैदाशीतून वगळले आणि आजार घटला.

थॅलेसेमियाचे गणितही हेच. फक्त माणसांत कुणाला वगळायचे नसते. लग्नाआधी, निदान गरोदरपणाआधी, जोडीदाराचीही तपासणी करून घ्या.