खिशातला पहारा

फोन चोवीस तास चालू ठेवायचा, चार्ज संपू द्यायचा नाही, लोकेशन बंद करायचं नाही आणि तो तपास अधिकाऱ्याच्या फोनशी जोडलेला ठेवायचा. २८ जुलै २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरुण फरेरा आणि व्हर्नन गोन्साल्विस यांना जामीन दिला, तेव्हा घातलेल्या या अटी.

फरेरा वकील, व्यंगचित्रकार आणि तुरुंगातल्या दिवसांवरच्या पुस्तकाचे लेखक. भीमा कोरेगाव प्रकरणात २८ ऑगस्ट २०१८ला पुणे पोलिसांनी त्यांना ठाण्यातून अटक केली. मी वागळे इस्टेटमध्ये राहतो. माझ्यासाठी ही शहरातल्याच माणसाची बातमी होती. आरोप खरे की खोटे, हे खटल्यात ठरेल. पण हिंसेचा प्रचार करणारं साहित्य नुसतं जवळ बाळगणं हा दहशतवादाचा गुन्हा होत नाही, असं न्यायालयाने त्याच आदेशात म्हटलं. हे ऐकायला जवळपास पाच वर्षं गेली.

लिहिणारा माणूस लोकांच्या बोलण्यावर जगतो. ज्याच्या खिशातला फोन पोलिसांना ठावठिकाणा सांगतो, त्याच्याशी मोकळेपणाने कोण बोलणार? पाळत एकावर असते, गप्प मात्र दहा जण होतात.

रोड नंबर २२ जवळच्या एका वर्कशॉपमध्ये काम करणारा माझा मित्र माझे लेख वाचतो, पण पुढे पाठवत नाही. म्हणतो, "भाई, उद्या पासपोर्टच्या चौकशीत काही निघालं तर?" अम्मीचं म्हणणं, "बेटा, लिही, पण नाव टाकू नकोस." दोघांना कुणी धमकावलेलं नाही. पण आपल्या नावांच्या माणसांकडे ही भीती जरा लवकर पोहोचते.

८ जुलै २०२४ला अमली पदार्थांच्या एका प्रकरणात न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी निकाल दिला: जामिनावरच्या माणसाच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवू देणारी अट घालता येणार नाही, त्याने खासगीपणाचा हक्क मोडतो. ओक यांची वकिली ठाण्याच्याच जिल्हा न्यायालयात सुरू झाली. सूरह हुजुरातही दुसऱ्याच्या खासगी गोष्टींची टेहळणी करायला मनाई करते. म्हणजे संविधान आणि ईमान, दोन्ही इथे एकाच बाजूला आहेत.

अम्मीला मी एवढंच सांगितलं की पोलिसांना नाव शोधायला वेळ लागत नाही. लेखाखालचं नाव वाचकासाठी असतं. माझं म्हणणं पटलं नाही, तर त्याला मला गाठून भांडता आलं पाहिजे.