हाताला चावलं, म्हणजे नेमकं कुठे?

माझी भाची बीएस्सी झाली आणि पुण्यातल्या एका कंपनीत मेडिकल कोडर म्हणून लागली. हे काम काय असतं ते घरात कुणालाच कळेना. अम्मींना वाटायचं, पोरगी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या टाईप करते. ईदला ती घरी आली तेव्हा मी तिला समोर बसवून विचारलं.

ती म्हणाली, "खाला, पेशंटचे कागद बाहेर दाखवायची परवानगी नसते. पण उदाहरण देते. समजा, अमेरिकेत एका माणसाच्या हाताला कुत्रा चावला. डॉक्टरांनी उपचार केले आणि सगळं लिहून ठेवलं. ते वाचून मी त्याचे कोड लावायचे. त्यावरून विम्याचे पैसे ठरतात. आता सांगा, हात म्हणजे कुठे?"

मी भाषा शिकवणारी बाई. हा प्रश्न मला आवडला. मराठीत खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हातच. तसे दंड, कोपर, मनगट, पंजा हे शब्द आपल्याकडे आहेत. उर्दूत बाज़ू, कोहनी, कलाई, हथेली आहेत. पण कोपर ते मनगट या भागाला मराठी बोलण्यात सुटसुटीत शब्द नाही. 'अग्रबाहू' पुस्तकात राहिला.

भाचीच्या कोडमध्ये मात्र दंड वेगळा आणि कोपराखालचा हात वेगळा. कोपराखाली उजव्या हाताला दात आत घुसून जखम झाली असेल आणि तिच्यावर प्रत्यक्ष उपचार चालू असतील, तर कोड 'एस ५१.८५१ए'. डावा हात असेल तर शेवटचा एक दोन होतो. दंडाला चावलं तर सुरुवातच 'एस ४१.१५' अशी. नुसतं वरवर खरचटलं असेल तर 'एस ५०' मध्ये जायचं. शेवटचं अक्षरही बोलतं. ए म्हणजे उपचार चालू, डी म्हणजे जखम भरत असतानाची पुढची भेट, एस म्हणजे जुन्या जखमेचा मागे राहिलेला त्रास. शिवाय कोण चावलं याचा कोड निराळा. कुत्र्यासाठी 'डब्ल्यू ५४.०'. रेबीजचा धोका असेल तर 'झेड २०.३'.

"आणि डॉक्टरांनी उजवा की डावा लिहिलंच नसेल तर?"

"अंदाज करायचा नाही. त्यांना विचारायचं, नाहीतर 'अनिर्दिष्ट'चा कोड टाकायचा. जे लिहिलेलं नाही ते घडलंच नाही, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, कारण काही महिन्यांपूर्वी आमच्या शाळेतल्या सहावीच्या एका मुलाला सकाळी शाळेत येताना कुत्रा चावला होता. कोपराच्या खाली दोन ठिकाणी दात घुसले होते. मी आणि शिपाईमामांनी नळाखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटं धुतली. मुलगा रडत होता. त्याची दादी हळद-चुना घेऊन आली, तिला थांबवलं. मग जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रेबीजच्या लसीचा पहिला डोस मिळाला. केस पेपरवर एकच ओळ: 'डॉग बाईट, हात'. सीरम इथे नाही, मोठ्या दवाखान्यात जा, असं तोंडी सांगितलं गेलं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचे प्रश्न साधे होते. जखमा किती? रक्त आलं होतं का? सीरम आधी कुठे दिलंय का? जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीप्रमाणे कातडी फाटून दात आत गेले तर ती तिसऱ्या प्रकारची जखम. तिला नुसती लस पुरत नाही, जखमेत आणि जखमेभोवती सीरमही द्यावं लागतं. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे रक्त न येता ओरखडा असेल तर, लस पुरते. कागदावर प्रकार लिहिलेला नव्हता. मुलासोबत आलेल्या दादीला काही सांगता येईना. डॉक्टरांनी पट्टी सोडून पुन्हा पाहिलं, म्हणून निभावलं.

त्यात नावाची भानगड. पहिल्या कागदावर दादीने सांगितलेलं घरातलं लाडाचं नाव होतं, आधार कार्डावर वेगळंच. खिडकीवरचा माणूस म्हणाला, हा कागद याच मुलाचा कशावरून? मोहम्मद, महंमद, मो. अशी एकाच घरात तीन स्पेलिंगं असणाऱ्या आपल्या लोकांना हा प्रश्न नवा नाही. पण लसीच्या रांगेत तो फार महागात पडू शकतो.

अमेरिकेतला नेमकेपणा पैशासाठी आहे, हे मला कळतं. विमा कंपनीला बिल पटलं पाहिजे म्हणून तिथे उजवा-डावा लिहितात. आपल्या सरकारी दवाखान्यात एका डॉक्टरसमोर शंभर माणसं उभी असतात, त्याला चार ओळी लिहायला सवड कुठून मिळणार? तरी बिलासाठी विचारलेले प्रश्न आणि उपचारासाठी विचारलेले प्रश्न तेच आहेत, हे भाचीशी बोलताना माझ्या लक्षात आलं. कुठे, किती खोल, कशाने, कितवी भेट. यातला एक जरी गळला तर पुढच्या डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

कागदाला कोर्टातही किंमत आहे. २०२३ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने कुत्रा चावल्याच्या भरपाईसाठी दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये ठरवून दिले. मांस निघालं असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरला किमान २०,००० रुपये. आता खुणा मोजून लिहिल्याच नसतील तर जखम भरल्यावर त्या कुठून दाखवायच्या?

माणूस माणसाला चावतो, तेव्हा तर शब्द आणखी जपून लागतात. बालवाडीत हे नेहमीचं. भाची म्हणाली, खेळताना चुकून चावलं तर एक कोड आणि हल्ला म्हणून चावलं तर दुसरा. दोन घरांत भांडण लागायला एवढा फरक पुरतो.

आता मी सहावीला निबंधाबरोबर 'घटनेची नोंद' लिहायला देते. काय झालं, केव्हा, शरीराच्या कोणत्या भागाला, कोणी पाहिलं. विशेषणं नकोत. मुलं पहिल्यांदा 'खूप मोठा भयानक कुत्रा' लिहितात, मग हळूहळू 'डाव्या मनगटाच्या वर' लिहायला लागतात.

पालकांना सभेत एवढंच सांगते. केस पेपरवर आधारवरचं नाव घाला. उजवा-डावा, जखमांची संख्या, प्रकार आणि सीरम दिलं की नाही, हे डॉक्टरांना अदबीने लिहायला सांगा. लसीच्या तारखा लिहून घ्या. कातडीत देतात ती लस शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस या दिवशी असते, आणि शून्य म्हणजे पहिल्या डोसचा दिवस. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. आणि कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कारण कागद दादीच्या बटव्यात जातो आणि बटवा सापडत नाही.